फुकट गेलेली हमाली

सांगलीच्या पेठेत जुलै लागला की माणसं फुटांत बोलायला लागतात. "सकाळी बावीस होतं." "आता?" "सव्वीसला टेकलं असेल." "कोयनेतनं किती सोडलंय?" बाहेरगावच्या माणसाला वाटावं, घरात कुणीतरी तापानं फणफणलंय आणि हे एकमेकांना थर्मामीटरचे आकडे सांगतायत. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण दुकानदारांची खरी पट्टी पुलावर नाही. ती सूर्यवंशी प्लॉटात, दत्तनगरात, कर्नाळ रोडला आहे. पुलावरचा आकडा इशाऱ्याला पोचायच्या आधीच त्या सखल भागात पाणी येतं. "प्लॉटात शिरलं का?" हा प्रश्न ज्या संध्याकाळी पेठेत विचारला जातो, त्या संध्याकाळी प्रत्येक गल्ल्यामागे एक हिशेब सुरू झालेला असतो.

मी या दुकानदारांची खाती लिहिते. गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड या भागातली लहान-मध्यम दुकानं. कापड, किराणा, हार्डवेअर, स्टेशनरी, दोन-तीन औषधवाले. त्यामुळे पूर मला पाण्यापेक्षा कागदात जास्त भेटलाय. फुगून दुप्पट झालेल्या खतावण्या, एकमेकींना चिकटलेल्या पावत्या, शाई पसरून निळं-जांभळं झालेलं बिलबुक. आणि मग वर्षअखेरीला ताळेबंदातली ती एक ओळ, 'पुरामुळे खराब झालेला माल', जिच्यापुढे आकडा लिहिताना दुकानदार खिडकीबाहेर बघतो.

आपत्तीची तयारी म्हटलं की शासकीय पत्रकांत बॅटरी, शिटी, कोरडा खाऊ, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक असली यादी येते. ती वाईट नाही. पण दुकानाची तयारी त्या यादीत मावत नाही, असं इतकी वर्षं या लोकांच्या वह्या बघून माझं मत झालंय. दुकानदाराला माहिती कमी पडते असंही नाही. त्याला कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगता येतो, वारणेला किती फुगवटा आहे ते कळतं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर तर टपरीवरच्या कोणाही माणसाचं तासभराचं व्याख्यान तयार असतं. अडतं ते दुसरीकडे.

आधी २००५ ची रेघ सांगते. त्या वर्षी कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली होती. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची एक सरळ रेघ राहिली. कुणी तिच्यावर ऑइल पेंटनं साल घातलं, कुणी दुकानाला रंग देताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडली. पुढची चौदा वर्षं ही रेघ म्हणजेच पेठेचं आपत्ती व्यवस्थापन होतं. मीटर कुठे बसवायचा, रेघेच्या वर. तिजोरी कुठे, रेघेच्या वर. माझ्या एका कापडवाल्या पक्षकारांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, २००५ नंतर सुताराला बोलावून भक्कम पोटमाळा करून घेतला. माप सांगितलं, "रेघेच्या वर हातभर."

२०१९ च्या ऑगस्टात अण्णांनी सगळं वेळेत आणि शहाण्यासारखं केलं. खालचे खण रिकामे, तागे पोटमाळ्यावर, मेन स्विच बंद, शटरच्या पट्ट्यांना ग्रीस. मग कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दुकानातलं पाणी जवळपास आठवडाभर हललं नाही. शटर उघडलं तेव्हा मीही होते, कारण विम्यासाठी फोटो काढायचे होते. आत जो वास होता तो शब्दांत सांगत बसत नाही, ज्यांनी घेतलाय त्यांना ठाऊक आहे. पोटमाळ्यावर चढल्यावर दिसलं की भिजला होता तो फक्त खालचा थर. आणि जड माल तळाला रचायचा या साध्या नियमानं त्या थरात होत्या पैठण्या आणि भारी सिल्क. वरचे टॉवेल-रुमालाचे गठ्ठे खणखणीत कोरडे.

याला अण्णांची चूक म्हणवत नाही. समोर असलेल्या सगळ्यात मोठ्या पुराचं माप त्यांनी घेतलं, वर हातभर धरलं, आणखी काय करायचं माणसानं? पण मागच्या पुराचं माप घेऊन पुढच्या पुराची तयारी करायची, ही आपली पद्धतच आहे. कोल्हापुरात २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढे गेली, लोक म्हणाले, याच्यावर आता काही नाही. दोनच वर्षांनी ती ५६ च्या वर होती. त्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. डोंगरावर असा पाऊस कोसळला की खालच्या भिंतींवरच्या जुन्या रेघांना तो काही विचारत नाही.

आता मोसमाचं. पूर येतो तो नेमका दुकान भरलेलं असताना. आषाढात माल भरायचा आणि श्रावणापासून विकायचा, हा पेठेचा वर्षानुवर्षांचा क्रम. २०१९ ला ५ ऑगस्टला नागपंचमी होती, १५ ला राखी, २ सप्टेंबरला गणपती. म्हणजे सुरतेचा माल उतरलेला, त्याचे पैसे द्यायचे बाकी, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा काठोकाठ वापरलेली आणि गिऱ्हाईक नुकतं यायला लागलेलं. वर्षातल्या ज्या पंधरवड्यात दुकान बंद ठेवणं सगळ्यात महाग पडतं, त्याच पंधरवड्यात ते बंद ठेवायचा निर्णय घ्यायचा असतो. एप्रिलात पूर आला असता तर निम्मं नुकसान झालं असतं, असं एकजण मला म्हणाले होते. विनोद म्हणून म्हणाले, पण त्यांच्या स्टॉक स्टेटमेंटवरून आकडा अगदी बरोबर होता.

तर तो गल्ल्यामागचा हिशेब. समजा नदी ३३ वर आहे, चढती आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. माल हलवायचा म्हणजे टेम्पोच्या दोन-तीन खेपा, चार हमाल, नदीपासून लांब विश्रामबागेत मेव्हण्याचा हॉल नाहीतर कुणाची तरी रिकामी खोली. दोन-तीन दिवस विक्री बंद. पाणी न येता उतरलं तर सगळं उलट परत आणायचं, पुन्हा लावायचं. त्यात घड्या मोडतात, खोकी चेपतात, आणि साडीची घडी मोडली की भावही मोडतो. धरून चाला, पंचवीस-तीस हजारांना खड्डा. आणि बहुतेक वर्षी होतं काय, तर नदी ३६-३८ पर्यंत येते, रात्रभर तिथे रेंगाळते आणि सकाळी उतरायला लागते. शेजारचा दुकानदार दारात चहा पीत विचारतो, "काय शेठ, मालाला फिरवून आणलं का?"

हे एक वाक्य पेठेत किती महागात पडलंय याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. एकदा हसं झालं की पुढच्या वर्षी माणूस ४० ची वाट बघतो. तेव्हाही नदी उतरली तर त्याच्या पुढच्या वर्षी ४५ ची. आणि ४५ ला टेम्पो मिळत नाही, कारण तेव्हा सगळ्या पेठेला तो हवा असतो. मिळाला तर भाडं तिप्पट, आणि रस्त्यात गुडघाभर पाणी असेल तर टेम्पोवाला येतच नाही. अण्णांचे चिरंजीव एकदा चिडून म्हणाले, "मॅडम, दोनदा हलवला. दोन्ही वेळा हमाली फुकट गेली."

ती फुकट गेली हे मला पटत नाही, आणि हिशेबनीस म्हणून पटत नाही. हाच माणूस दरवर्षी आगीच्या विम्याचा हप्ता भरतो. वर्षभर आग लागली नाही म्हणून "हप्ता फुकट गेला" असं म्हणत मार्चमध्ये माझ्यापुढे कधी हळहळला नाही. मग न आलेल्या पुराची हमालीच तेवढी फुकट कशी? फरक एवढाच की हप्ता बँक परस्पर कापून घेते आणि हमाली हातानं मोजून द्यावी लागते, तीही शेजाऱ्याच्या देखत.

म्हणून मी काही पक्षकारांच्या खतावणीत एक नवीन खातं उघडलं. नाव साधं, 'पावसाळी हलवाहलव'. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन वेळा माल हलवून परत आणण्याइतकी रक्कम बाजूला काढायची आणि त्या खात्याला टाकायची. पैसा तेव्हाच गेला असं समजायचं. मग नदी ३५ ला आली की "खर्च करू का नको" हा प्रश्न उरत नाही, तो खर्च जूनमध्येच झालेला असतो. रक्कम उरली तर दिवाळीला कामगारांच्या बोनसमध्ये घाला. (आयकरात नुसती तरतूद खर्च म्हणून धरली जात नाही, प्रत्यक्ष दिलेली हमाली तेवढी धरतात. एका पक्षकाराचे डोळे 'तरतूद' म्हटल्यावर लगेच चमकले होते, म्हणून हे लिहून ठेवते.) याला कुणी मनाची समजूत म्हणेल. आहेच. पण रात्री नऊला पावसात उभं राहून निर्णय घेणाऱ्या माणसाला समजूतच हवी असते, माहिती त्याच्याकडे भरपूर असते.

दुसरं, आकडा मे महिन्यात ठरवायचा. किती फुटांना हलवायचं, आणि मालक गावात नसेल तर कुणी सांगायचं, हे कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. कडकडीत उन्हात, पंख्याखाली बसून ठरवलेला आकडा नेहमी कमी असतो आणि नेहमी बरोबर असतो. त्याखाली क्रम लिहायचा. हार्डवेअरवाल्याकडे सिमेंट आधी, मोटारी आणि वायरिंगचा माल मग, पाईप राहिले तरी चालतात. औषधवाल्याकडे फ्रिजमधलं इन्सुलिन सगळ्यात आधी, आणि ते नुसतं हलवून भागत नाही, जिथे नेणार तिथे वीज हवी. स्टेशनरीवाल्यानं कागद कधीच मांडणीत गच्च भरून मागे ठेवू नये. कागद पाणी पिऊन फुगतो आणि लोखंडी मांडणी वाकवतो. मग शटर उघडल्यावर सुकवायला वही निघत नाही, मांडणीच कापून काढावी लागते. हे मी बघितलंय. वेल्डर बोलवावा लागला होता.

आणि हमाल. टेम्पो, पोती, आकडा, क्रम हे सगळं ठरवलं आणि त्या संध्याकाळी माणूसच आला नाही तर? पेठेत ओझी वाहणारी, काउंटरवर उभी राहणारी, झाडलोट करणारी माझ्या माहितीतली कितीतरी माणसं त्याच सखल भागांत राहतात, जिथे पाणी पेठेच्या आधी येतं. म्हणजे दुकानाला माणूस हवा असतो त्याच वेळी तो स्वतःच्या घरातलं कपाट वीटांवर चढवत असतो. २०१९ ला एका दुकानदारानं फोनवर भरपूर तोंडसुख घेतलं होतं, "पगार घेताना बरे वेळेवर येतात." पलीकडून एवढंच आलं, "शेठ, आईला आधी शाळेत नेऊन सोडतो, मग येतो." शेठनी फोन ठेवला. त्यांच्या दुकानातला माल त्या रात्री हलला नाही.

याच्या उलट एक किराणावाल्या वहिनी आहेत. त्यांचा नियम असा की प्लॉटात पाणी आलं की दुकानाचा टेम्पो पहिल्यांदा कामाला असलेल्या दोन पोरांच्या घरी जातो. त्यांची भांडी, गॅस, कागदपत्रं, म्हातारी माणसं वहिनींच्या वरच्या मजल्यावर. मग ती पोरं दुकानाला लागतात, आणि जी लागतात ती मध्यरात्रीपर्यंत. वहिनींना यात काही उदात्त वगैरे वाटत नाही. "त्यांचं घर बुडत असताना ती माझी साखर उचलतील होय?" एवढाच त्यांचा युक्तिवाद. मला व्यवसायाच्या आपत्कालीन नियोजनावरचं इतकं नेमकं वाक्य दुसरीकडे ऐकायला मिळालेलं नाही.

सांगलीचं एक बरं आहे, नदी इथे वेळ देते. कोयना धरणाचं पाणी कराडला कृष्णेत मिळून मग खाली येतं, आकडे तासातासाला कळतात. पण त्याच कोयनेच्या विजेसाठी वापरलेलं पाणी सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाला, कोळकेवाडीवरून चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत जातं, आणि तिकडे घड्याळ वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ उजाडायच्या आत पाण्याखाली गेली होती. धो धो पाऊस, भरतीचं पाणी आणि फुगलेल्या नद्या, सगळं एका रात्रीत. तिथे '३५ फुटांना टेम्पो सांगू' असलं नियोजन कुचकामाचं. तिथल्या एसटीच्या आगारप्रमुखांची गोष्ट तेव्हा सगळ्यांनी वाचली असेल. आगारात पाणी भरल्यावर ते जमा झालेली सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि तासन्‌तास तिथे बसून राहिले. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण खाती लिहिणाऱ्या माणसाच्या मनात येतं की एखाद्या संस्थेची तिजोरी वाचवण्याची सोय म्हणजे एका माणसाचा जीव आणि बसचा टप, हे बरं लक्षण नाही. जिथे पाणी झोपेत येतं तिथे हलवायची तयारी उपयोगाची नसते, तिथे महागाचा माल पावसाळाभर वरच्या मजल्यावरच लागतो.

आता विमा. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड मी याच टेबलावर पाहिलीय.

पहिली गोष्ट, विमा बहुतेकांचा असतो, पण तो बँकेनं कर्जाच्या कागदांबरोबर उतरवलेला असतो आणि दुकानदारानं कधी उघडून वाचलेला नसतो. त्यात एक पत्ता असतो. त्या पत्त्यावरच्या मालालाच संरक्षण. गणपती पेठेतल्या दुकानाचा पत्ता असेल आणि माल मागच्या बोळातल्या गोदामात भिजला असेल, तर तो भिजला नाही असं समजायचं. दुसरी, जुन्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम वगळून हप्ता थोडा कमी करून घेता यायचा. थोडा म्हणजे खरंच थोडा. तेवढ्यासाठी नदीकाठच्या गावात पुराचं कलम काढून टाकलेल्या पॉलिसी मी पाहिल्यात, आणि ते कुणी काढायला सांगितलं याचा पत्ता कधी लागला नाही. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आली, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिच्यात पूर धरलेलाच असतो. ही सुधारणा चांगली झाली, हे मान्य करायला हवं.

तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त टोचते. दुकानात माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा, भिजला १० लाखांचा. दुकानदाराला वाटतं, २० चा विमा आहे, १० चं नुकसान आहे, १० मिळतील. मिळतात ५. कारण निम्म्या मालाचा विमा म्हणजे प्रत्येक साडीचा निम्माच विमा. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण श्रावणात माल दुप्पट होणाऱ्या दुकानाला १५ टक्के कुठे पुरणार? विम्याची रक्कम ठरवताना मार्चअखेरचा शिलकी माल बघायचा नसतो, जुलैअखेरचा बघायचा असतो. आमच्याकडे सगळं जग मार्चअखेरीला बघतं, त्याला मी तरी काय करू.

चौथी गोष्ट जीएसटी आल्यापासूनची, आणि ती अजूनही पुष्कळांना नवी वाटते. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आपण घेतलेली असते. माल नष्ट झाला, तर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे त्या मालावरची वजावट परत करावी लागते. म्हणजे माल गेला तो गेला, वर सरकारला कर भरायचा. हे सांगताना मला खुर्ची मागे सरकवून बसावं लागतं. त्यावर उपाय माल भिजण्याआधीचाच, विम्याची रक्कम करासकट धरायची आणि दाव्यातही तसं मांडायचं.

बाकी मग विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काही टाकायचं नाही, हा नियम. बोलायला सोपा आहे. दुकानात चिखल, वास, माश्या, दारात महापालिकेचा कचरा उचलणारा डंपर, आणि "आत्ता टाका, उद्या गाडी नाही" असं ओरडणारा माणूस. अशा वेळी हातात फोन असलेलं एक कोरडं पोर हवं. टाकण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो, लेबल दिसेल असा, आणि पूर्ण दुकानाचा एक सलग व्हिडिओ. त्याहून उपयोगी पडतो तो पुराआधीचा व्हिडिओ. पावसाळ्याच्या तोंडावर भरलेलं दुकान एकदा चित्रित करून मला पाठवा, असं मी सगळ्यांना सांगते. निम्मे पाठवतात. काही जण त्यात मागे गाणं घालून पाठवतात.

कागदांच्या बाबतीत मात्र २००५ आणि २०१९ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. २००५ ला खतावणी गेली की दुकान किती मोठं होतं हे सिद्ध करायलाच काही उरत नव्हतं. २०१९ ला सुरतेच्या व्यापाऱ्यानं त्याच्या जीएसटी विवरणपत्रात दाखवलेली विक्री जीएसटीच्या पोर्टलवर आपली खरेदी म्हणून दिसत होती. दुकान बुडालं तरी बिलांचे आकडे सापडले. फक्त एक वही कुठल्याच पोर्टलवर नसते, उधारीची. गावोगावचे कटपीसवाले, शाळांचे गणवेश, लग्नाचे बस्ते, सगळी येणी त्या लाल वहीत आणि मालकाच्या डोक्यात. वही भिजली तर निम्मी उधारी बुडते. आणि मालकच दवाखान्यात असला तर? करोनात हे झालं. पाणी कुठेच नव्हतं आणि तरी दुकानं बुडाली, कारण कुणाकडून किती यायचं ते घरच्यांना ठाऊक नव्हतं. महिन्यातून एकदा त्या वहीच्या पानांचे फोटो मुलीला किंवा बायकोला पाठवायला पाच मिनिटं लागतात. यात लाजायचं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही, पण लाजतात खरे.

सरकारी मदतीवर विसंबणाऱ्यांसाठी एकच आकडा. २०२१ च्या पुरानंतर दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर झाले, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. टपरीवाल्याला ते उपयोगी पडले असतील. कापडाच्या दुकानात ५० हजारांत गाळ निघतो आणि रंग होतो. आणि ज्यांच्या दुकानात पाणी आलंच नाही, त्यांचं काय? २०१९ ला कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद होता. कोरड्या दुकानात माल नाही, माल आहे तिथे गिऱ्हाईक नाही, वीज नाही, एटीएम रिकामं. साधी पॉलिसी याचं काही देत नाही. यावर दोन महिन्यांच्या भाड्या-पगाराएवढी ठेव बाजूला असणं यापलीकडे मला उपाय माहीत नाही, आणि तो उपाय सांगितला की पक्षकार दुसरा विषय काढतात.

तयारी मोडते कशी याचं सगळ्यात मोठं उदाहरण सांगलीच्या शेजारीच आहे, हरिपूरला. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे. अरुंद तोंडाचं, आत रुंद होत गेलेलं खोल पेव, तिथली माती अशी की ओल धरत नाही, तोंड बंद केलं की हवा नाही, कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची, रंग उतरायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांगलीच्या हळद बाजाराचा माल त्या मातीच्या भरवशावर होता. २००५ च्या पुराचं पाणी पेवांत उतरलं आणि हळद आतल्या आत गेली. व्यापारी मग गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. चांगली चालत आलेली सोय होती, तिच्यात कुणाला खोट दिसली नव्हती. एवढ्या वर्षांत ती बिघडली नव्हती, हाच तिच्यावरच्या विश्वासाचा पाया होता.

पेठ सोडावी का, हा विषय आता उघड निघतो. मिरज रस्त्याला, विश्रामबागेकडे दुकानं सरकतायत. अण्णांच्या चिरंजीवांचं म्हणणं, गोदाम तिकडे करू, पेठेत दोन दिवसांपुरता माल ठेवू. अण्णांना हे मुळीच मान्य नाही. "चाळीस साड्या पसरल्या की एक विकली जाते. दोन दिवसांच्या मालावर दूध डेअरी चालते, कापडाचं दुकान नाही." दोघं माझ्या टेबलासमोर बसून भांडले आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी दोन्ही बाजू मांडून दिल्या. गोदामाचं वर्षाचं भाडं, एक जादा माणूस आणि रोजची ने-आण धरली तर तेवढ्यात पेठेतला सगळा माल चार-पाच वेळा हलवून होतो. अण्णा खूश झाले. चिरंजीव म्हणाले, "आणि हलवायला वेळच मिळाला नाही त्या वर्षाचं काय?" त्याचा रकाना माझ्या कागदावर नव्हता.

तूर्त मधला मार्ग निघालाय. भारी सिल्क आणि पैठण्या जूनपासून अनंत चतुर्दशीपर्यंत विश्रामबागेत, गिऱ्हाईक मागेल तशी दुचाकीवरून आणायची. बाकीचा माल पेठेत, हलवायचा आकडा ३५. अण्णांना ३८ हवा होता. गोदामाचा करार अकरा महिन्यांचा आहे, मार्चअखेरची कामं उरकली की आकड्यावर पुन्हा बसायचं ठरलंय. भांडण तेव्हाही होईलच.